जनरेटरच्या डिझेलवरचा कर परत मिळतो का?



"लाईट नसलेल्या ठिकाणी हॉटेल असेल तर जनरेटरच्या डिझेलवरचा टॅक्स सरकार परत देतं" असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्या दोघा-तिघांनी अर्ज कुठे करायचा म्हणून विचारलं. माहिती खोटी नाही, पण ती *ऑस्ट्रेलियाची* आहे. तेव्हा असा परतावा काढून देतो म्हणून कोणी आगाऊ फी मागितली तर एक रुपयाही देऊ नका.

तिकडचा नियम मात्र समजून घेण्यासारखा आहे. तिथे डिझेलवर लिटरमागे ठरावीक सेंट उत्पादन शुल्क लागतं. २००६ च्या इंधन कर कायद्यानुसार धंद्यासाठी जनरेटर, ट्रॅक्टर, पंप अशा यंत्रांत जाळलेल्या डिझेलवरचं हे शुल्क परत मागता येतं. दर वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये बदलतो. ३ फेब्रुवारी २०२५ पासून तो ५०.८ सेंट होता. म्हणजे १,००० लिटरला ५०८ डॉलर. रक्कम लहान नाही!

तिकडे आतल्या भागात हायवेवर मैलोन्मैल वस्ती नाही, विजेची लाईनही नाही. तिथले ढाबे म्हणजे पेट्रोल पंप, जेवण आणि मुक्कामाच्या खोल्या, सगळं एकत्र. फ्रीज, एसी, पाण्याची मोटर दिवसरात्र जनरेटरवर. या डिझेलला पूर्ण दराने परतावा मिळतो. लाईन किती लांब आहे ते बघत नाहीत, डिझेल कशात जाळलं ते बघतात. धंद्याची जीएसटी नोंदणी हवी (तिकडेही जीएसटीच म्हणतात), आणि चार वर्षांच्या आत मागणी करावी लागते.

खरी गोम पुढे आहे. टाकी एकच असते. त्यातलं काही डिझेल जनरेटरला जातं, काही गिऱ्हाईकांना विकलं जातं, काही मालकाच्या गाडीत. विकलेल्या डिझेलवर ढाबेवाल्याला परतावा नाही. रस्त्यावर धावणाऱ्या छोट्या गाडीलाही नाही. मग जनरेटरचं डिझेल वेगळं दाखवायचं कसं? तास-मीटरवरून. जनरेटर २५० तास चालला, ताशी ४ लिटर लागतं, तर १,००० लिटर. खरेदीच्या पावत्या आणि हा हिशोब पाच वर्षं जपावा लागतो. नोंद नसेल तर परतावा सिद्ध करता येत नाही, आणि घेतलेले पैसेही परत भरावे लागू शकतात.

आता आपल्याकडचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, पण पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर ठेवलं. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे तुमची जीएसटी नोंदणी असली तरी डिझेलवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही. महाराष्ट्रात मच्छीमारांना बोटीच्या डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मिळतो, ती योजना वेगळी. तिचा दाखला देऊन पर्यटन केंद्राला काही मिळणार नाही.

जनरेटर विकत घेताना दिलेल्या जीएसटीचं काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, पण क्रेडिटशिवाय. आपल्या बहुतेक केंद्रांच्या खोल्या यातच बसतात. म्हणून "जनरेटरचा जीएसटी सुटेल" हे दुकानदाराचं बोलणं धरून किंमत ठरवू नका, आधी सीएंना विचारा.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. पर्यटनाच्या उत्पन्नाचा हिशोब करताना जनरेटरचं डिझेल खर्चात धरता येतं. पण त्याच कॅनमधलं ट्रॅक्टरला गेलं तर तेवढं वेगळं काढावं लागतं, कारण ते शेतीचं. इथेही तास-मीटरच कामाला येतो.

ज्यांच्या केंद्रावर जनरेटर आहे त्यांनी महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा. डिझेलच्या पावत्यांचेही फोटो काढा, पंपाच्या पावतीची शाई दोन महिन्यांत उडते. दोन्ही घेऊन ऑफिसला या, ताशी किती लिटर पडतं ते मांडून देतो. सोलर घ्यायचा विचार असेल तर हा आकडा आधी लागेल.