शेअरबाजाराचा अभ्यास आणि मुक्त सॉफ्टवेअर

अर्ध्या हळकुंडानें पिवळें होणें हा वाक्प्रचार आपण शाळेंत शिकतों. सांगलीकरांस त्याचा अर्थ निराळा सांगावा लागूं नये. हळदीच्या सौद्यांत जाणता व्यापारी पोत्यावरील नांव वाचून भाव बोलत नाहीं. हळकुंड हातांत घेतो, मोडतो, आंतला रंग पाहतो आणि मग बोलतो. परंतु असाच एखादा चोखंदळ गृहस्थ सायंकाळीं घरीं येऊन, कोणा अनोळखी मनुष्यानें मोबाईलवर धाडलेल्या एका ओळीवर विश्वास ठेवून कंपनीचे शेअर घेतो, हें आम्हीं पाहिलें आहे. शेअर कांहीं मोडून पाहतां येत नाहीं, असें त्याचें म्हणणें. आमच्या मतें तो पुष्कळ अंशीं मोडून पाहतां येतो, आणि त्यासाठीं लागणारीं हत्यारें आज कोणाही विद्यार्थ्यास एक पै खर्च न करतां मिळतात. मात्र तीं हत्यारें कोठें फसवितात हेंही सांगितलें पाहिजे. या लेखाचा बराचसा भाग त्याचसाठीं खर्ची पडणार आहे.

प्रथम ‘मुक्त’ या शब्दाविषयीं. मुक्त व फुकट यांत भेद आहे. फुकट वस्तूस पैसे पडत नाहींत, एवढेंच. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची आंतली घडण कोणासही उघडून वाचतां येते, आपल्या कामाप्रमाणें बदलतां येते आणि शेजाऱ्यासही देतां येते. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ या कार्याची घोषणा करून ह्या विचाराचा पाया घातला. पुढें न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांतील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं संख्याशास्त्रासाठीं ‘आर’ नांवाची संगणकभाषा रचिली आणि १९९५ सालीं ती मुक्त केली. ‘पायथन’ ही दुसरी भाषा १९९१ पासून लोकांच्या हातीं आहे. तिच्या जोडीस ‘पांडास’ नांवाचा जो साधनसंच वापरतात, त्याचा जन्म तर २००८ सालीं अमेरिकेंतील एका गुंतवणुकीच्या पेढींतच झाला. वेस मॅकिनी यांनीं तो तेथें स्वतःच्या कामासाठीं लिहावयास घेतला, आणि दुसऱ्या वर्षीं तो सर्वांस खुला झाला. कोट्यवधींचा व्यवहार करणाऱ्या पेढीच्या गरजेंतून घडलेलें हत्यार साताऱ्यांतल्या शाळकरी मुलाच्या संगणकावर तसेंच्या तसें चालतें, ही गोष्ट आम्हांस अजूनहि नवलाची वाटते. ज्यांस संगणकभाषा येत नाहीं त्यांनीं ‘लिबरऑफिस कॅल्क’ या मुक्त हिशेबपत्रकापासून आरंभ करावा. बेरीज, सरासरी व आलेख एवढें आलें तरी पहिले कांहीं धडे होतात.

हिशेबास आंकडे हवेत. मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर बाजार बंद झाल्यावर त्या दिवसाची ‘भावकॉपी’ प्रसिद्ध होते. तींत प्रत्येक शेअरची एक ओळ असते: पहिला भाव, सर्वांत चढा, सर्वांत उतरता, बंद भाव आणि किती शेअरांची उलाढाल झाली ती संख्या. मागील वर्षांच्या भावकॉप्याही मिळतात. येथें एक इशारा द्यावासा वाटतो. आज्ञावली मुक्त असली म्हणून आंकडेही मुक्त असतात असें नाहीं. घरीं अभ्यासासाठीं ते घेणें वेगळें, आणि ते पुन्हा वांटणें वा विकणें वेगळें.

आतां पहिला खड्डा. एखाद्या शेअरचा भाव ६०० रुपये आहे, आणि कंपनीनें एकास एक बक्षीस-शेअर दिला, असें समजा. दुसऱ्या दिवशीं भाव ३०० च्या आसपास येतो. भागधारकाचें कांहींच गेलें नाहीं. त्याच्याकडे एकाऐवजीं दोन शेअर झाले. संगणक मात्र निर्विकारपणें सांगतो कीं, किंमत निम्मी झाली. म्हणून जुने सर्व भाव प्रथम निम्मे करून घ्यावे लागतात. लाभांशाचाही हिशेब असाच जोडावा लागतो. हें काम कंटाळवाणें आहे खरें, पण त्यावांचून पुढचें सारें व्यर्थ.

दुसऱ्या खड्ड्यांत आम्ही स्वतःच पडलों. दोनशें दिवसांच्या सरासरीच्या वर भाव गेला कीं शेअर घ्यावा व खालीं आला कीं विकावा, असा एक नियम बाजारांत प्रसिद्ध आहे. तो खरा कीं खोटा हें पाहण्यासाठीं आम्हीं विद्यार्थ्यांकडून आज्ञावली लिहवून घेतली. उत्तर असें आलें कीं, साऱ्या वर्गाच्या डोळ्यांपुढें बंगले उभे राहिले! दोन दिवस आम्हांसही आनंद झाला. तिसऱ्या दिवशीं एका मुलीनें शांतपणें विचारलें, “गुरुजी, बंद भाव सायंकाळीं कळतो ना? मग आपण त्याच दिवशीं सकाळच्या भावानें खरेदी कशी केली?” तिचें म्हणणें अगदीं रास्त होतें. गुरुवारीं सायंकाळीं जें कळावयाचें त्याच्या आधारें आमची आज्ञावली गुरुवारीं सकाळींच शेअर घेत होती. खरेदीचा आंकडा एक ओळ खालीं, म्हणजे शुक्रवारावर सरकविला, दलाली व सरकारी कर वजा केला, आणि बंगले अदृश्य झाले. आज्ञावली मुक्त नसती, तिची प्रत्येक ओळ आमच्यापुढें नसती, तर ही चूक त्या मुलीस सांपडली नसती. विकत मिळणाऱ्या बंद पेटींतील सल्ल्यांत असल्या चुका किती असतील, याचा विचार वाचकांनींच करावा.

एक नियम फसला म्हणजे मुलें दुसरा घेतात, मग तिसरा. यांतही फसगत आहे. बत्तीस विद्यार्थ्यांनीं एकेक नाणें पांच वेळां उडविलें, तर सरासरीनें त्यांतील एकास पांचही वेळां छापा पडावा. त्याच्या बोटांत जादू आहे असें आपण म्हणत नाहीं. मग वीस-तीस नियम तपासून जो उत्तम ठरला तोच खरा, असें तरी कां म्हणावें? यासाठीं आंकड्यांचे आधींच दोन भाग करावे. एका भागावर नियम शोधावा आणि दुसरा भाग शेवटपर्यंत झांकून ठेवून त्यावर एकदांच परीक्षा घ्यावी.

पालकांपैकीं कोणास हा सारा मुलांचा खेळ वाटेल. त्यांच्यासाठीं एक आंकडा देतों. सेबी या सरकारी नियामक मंडळानें सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे-व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा झाला, आणि सर्वांचा मिळून तोटा १ लक्ष ८० हजार कोटी रुपयांवर गेला. हे पैसे कोणाच्या तरी घरांतलेच होते.

आतां तिसरा व सर्वांत खोल खड्डा. आपल्या कृष्णाकांठची कोणती कंपनी अभ्यासाला घ्यावी, असें आम्हीं वर्गास विचारलें तेव्हां बहुतेकांनीं किर्लोस्कर ब्रदर्स हें नांव घेतलें. तें साहजिक आहे. १९१० सालीं कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं वसविलेली किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यांत कोणास ठाऊक नाहीं? पण त्याच दिवशीं एका पालकांनीं घरच्या पेटींतला जुना कागद आणून दाखविला. तो युनायटेड वेस्टर्न बँकेच्या शेअरांचा होता. तें नांव वर्गांत कोणींही घेतलें नव्हतें. पुष्कळांनीं तें ऐकिलेंही नव्हतें.

ही बँक १९३६ सालीं साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांच्या पुढाकारानें निघाली. जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबांचीं खातीं तींत होतीं. २ सप्टेंबर २००६ रोजीं तिच्या व्यवहारांवर निर्बंध आले. ठेवीदारांस दहा हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढतां येऊं लागली. पुढें महिन्याभरांत, ३ ऑक्टोबर रोजीं, ती आयडीबीआय बँकेंत विलीन झाली. ठेवी वांचल्या. भागधारकांस शेअरमागें २८ रुपये रोख मिळाले आणि त्या शेअरची ओळ कायमची थांबली. सांगली बँकेची गोष्ट थोडी निराळी. १९१६ सालीं स्थापन झालेली ही बँक एप्रिल २००७ मध्यें आयसीआयसीआय बँकेंत विलीन झाली, आणि भागधारकांस ९२५ शेअरांबद्दल त्या बँकेचे १०० शेअर मिळाले. येथें भागधारकाची गुंतवणूक थांबली नाहीं. ती दुसऱ्या नांवाखालीं पुढें चालली. ज्यानें ते शंभर शेअर ठेविले त्याचा हिशेब तिकडच्या पानावर मांडावा लागतो.

आजची यादी उघडून ‘वीस वर्षांपूर्वीं या कंपन्यांत पैसे घातले असते तर काय झालें असतें’ असा हिशेब आपण करतों तेव्हां हीं दोन्ही नांवें तींत नसतात. यादी जिवंत राहिलेल्यांचीच असते. पटावरील मुलांपैकीं उत्तीर्ण झालेल्यांचेच गुण धरून शाळेची सरासरी काढावी, तसेंच हें आहे. उत्तर नेहमीं खऱ्याहून गोड येतें. आणि संगणक याबद्दल चकार शब्द काढीत नाहीं, कारण त्यास दिलेल्या ओळींत चूक कांहींच नसते. चूक न दिलेल्या ओळींत असते.

याला उपाय आहे, आणि तोही मुक्त सॉफ्टवेअरनें होतो. २००५ सालची कोणतीही एक भावकॉपी घ्यावी, आजची एक घ्यावी, आणि जुनींत असून नवींत नसलेलीं नांवें पांडासकडून वेगळीं काढून घ्यावीं. तें काम क्षणाचें. पुढचें काम मनुष्याचें: प्रत्येक नांव कां गेलें तें शोधणें. कोणी नुसतें नांव बदललेलें असतें, कोणी विलीन झालेलें, कोणाचा व्यवहार बाजारानें बंद केलेला, कोणी दिवाळें काढलेलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं अशी यादी करावयास घेतली असून ती संगणकाच्या खोलींत भिंतीवर लाविली आहे. तिला चार रकाने आहेत: नांव, शेवटच्या व्यवहाराचा दिवस, जाण्याचें कारण, आणि भागधारकाच्या हातीं काय आलें. पहिले दोन भरले आहेत, तिसरा अर्धामुर्धा झाला आहे. चौथ्यांत अद्याप फार मोकळ्या जागा आहेत. ज्या पालकांच्या घरीं जुन्या कंपन्यांचे कागद पडून असतील त्यांनीं ते एखाद्या शनिवारीं सकाळीं घेऊन यावें. मुलें त्यांवरील तपशील उतरवून घेतील आणि कागद त्याच वेळीं परत करतील.