ओव्हरड्राफ्ट : शिल्लक की देणे?

सैन्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी हार्डवेअरचे दुकान काढले. सुट्टीत रोकडवही लिहायचे काम माझे. दुकानाच्या चालू खात्याला बँकेने १,००,००० रुपयांची ओव्हरड्राफ्टची मर्यादा दिली आहे. खात्यात पैसे नसले तरी तेवढ्यापर्यंत चेक वटतो.

यंदा शिल्लक २०,००० असताना घाऊक व्यापाऱ्याच्या जुन्या बिलापोटी ५०,००० चा चेक गेला. नोंद नेहमीचीच : व्यापाऱ्याचे खाते नावे, बँक खाते जमा. ओव्हरड्राफ्टची वेगळी नोंद लागत नाही. फक्त आपल्या वहीत बँक खात्याची बाकी आता जमेची होते, ३०,०००. पासबुकात मात्र हीच रक्कम नावे दिसते, कारण बँकेच्या दृष्टीने आपण ऋणको. परीक्षेत घोळ होतो तो इथेच.

व्याज फक्त उचललेल्या रकमेवर, उचलली तितक्याच दिवसांचे. बँकेने ३०० रुपये लावले, की व्याज खाते नावे, बँक खाते जमा. हे ३०० खर्चात जातात. देणे होते ३०,३००. ३१ मार्चला हीच बाकी राहिली, तर ती ताळेबंदात देयतांच्या बाजूला. गल्ल्यातली ८,००० रोकड त्यातून वजा करायची नाही. ती मालमत्तेकडे, वेगळी.

बाबांना सगळे पटते, एवढे सोडून : "अजून जवळजवळ सत्तर हजार शिल्लक आहेत की!"

"शिल्लक नाहीत बाबा, तेवढं आणखी कर्ज मिळू शकतं."

दिवाळीआधी त्यांना रंगाचे डबे भरायचे आहेत. म्हणून सध्या व्याजाची ओळ मी लाल शाईने लिहितो.