गीझरच्या तळाशी



महाराष्ट्रातील अनेक घरांच्या न्हाणीघरात पूर्वी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत बंबफोड किंवा कोळसे पेटवावयाचे आणि भोवतीचे पाणी तापले की तोटीने काढून घ्यावयाचे, अशी त्याची रचना. चिंचेने घासून तो लख्ख ठेवणे हा घरच्यांच्या अभिमानाचा विषय असे. त्याच्याविषयीचा एक नियम मुलांनाही पाठ असे : पाणी भरल्यावाचून बंब पेटवावयाचा नाही. रिकाम्या बंबात जाळ केला, तर सांध्यांचा डाख वितळून तो गळू लागे.

आज अनेक शहरी घरांत त्याची जागा विजेच्या गीझरने घेतली आहे. बंब डोळ्यांसमोर असे. त्याचे दुखणे दिसत असे. गीझर छताजवळ बंद आवरणात लटकलेला असतो. कळ दाबली, दिवा लागला, पाणी आले, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. त्याच्या पोटात काय साचते, ते या पाठात पाहू.

उभ्या गीझरच्या टाकीत खालून दोन नळ्या शिरतात. थंड पाण्याची नळी तळाजवळच संपते. गरम पाण्याची नळी मात्र माथ्यापर्यंत गेलेली असते. कारण तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व ते वरूनच उचलावयाचे असते. आपण तोटी सोडतो, तेव्हा तळातून येणारे थंड पाणी वरच्या गरम पाण्याला बाहेर ढकलते. म्हणजेच दहा वर्षे रोज गरम पाणी वापरले, तरी टाकी एकदाही रिकामी होत नाही. आणि तळाशी जे बसते, ते तोटीतून सहसा बाहेर पडत नाही.

तळाशी बसतात ते क्षार. पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट तापले की त्याचे न विरघळणारे कार्बोनेट बनते. पिण्याच्या पाण्याविषयीच्या 2012 च्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सूट आहे. मुंबईचे तलावांचे पाणी मृदू असते. दख्खनच्या काळ्या खडकातील कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा जड असते. आता साधा हिशेब करू. पाण्यात लिटरला 300 मिलिग्रॅम क्षार आहेत आणि गीझरमधून रोज 50 लिटर पाणी जाते, असे धरा. रोज 15 ग्रॅम क्षार टाकीतून जातात. त्यांचा दहावा हिस्सा जरी आत राहिला, तरी वर्षाला अर्ध्या किलोहून अधिक होतो. त्यातील काही तळाशी गाळ होऊन बसतो, काही कॉइलवर पुटे चढवितो. पुटांमुळे कॉइलची उष्णता पाण्यात लवकर उतरत नाही. कॉइल स्वतःच तापत राहते आणि एक दिवस जळते. पाणी तापताना फुटाणे फुटल्यासारखा आवाज येऊ लागला, तर पुटे चढली आहेत असे समजावे.

टाकीत आणखी एक भाग झिजत असतो, आणि त्याने झिजावे अशीच योजना असते. आतून काचेचा लेप दिलेल्या पोलादी टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसविलेली असते. लेपाला चीर गेली, तरी पोलादाआधी ती कांडी पाण्याच्या तोंडी जाते. हे तत्त्व जुने आहे. 1824 मध्ये सर हंफ्री डेव्ही यांनी जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड किंवा जस्त जोडून तो खाऱ्या पाण्यापासून वाचविता येतो, हे दाखविले होते. कांडी संपली की पाळी टाकीची. म्हणून जड पाण्याच्या गावी वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून कांडी तपासून घ्यावी.

खरा धोका मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. पाणी तापले की प्रसरण पावते. 25 अंशांचे 15 लिटर पाणी 60 अंशांपर्यंत नेले, तर ते सुमारे 200 मिलिलिटरने वाढते. हा वाढलेला दाब सोडण्यासाठी थंड पाण्याच्या नळीवर सुरक्षा झडप असते. तापताना तिच्यातून थोडे पाणी ठिबकणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखिकेच्या घरी एका कारागिराने हे ठिबकणे म्हणजे गळती समजून झडपेच्या तोंडाला बूच मारले होते. घरातील सर्वांना ते सोयीचेच वाटले! पण तापमान राखणारा थर्मोस्टॅट आणि त्याच्या जोडीची वीज तोडणारी योजना बिघडली व झडपही बंद असली, तर दाबाखालचे पाणी 100 अंशांच्या वर तापते. टाकी फुटताच त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. क्षारांनीही हीच झडप बुजते. तिला बूच कधीही मारू नये.

आता टाकी रिकामी करण्याची रीत. प्रथम फलकावरील गीझरची कळ बंद करावी. थंड पाणी येईपर्यंत गरम पाण्याची तोटी सोडून ठेवावी. घाईने कित्येकांचे हात भाजले आहेत. मग गीझरकडे येणारे पाणी बंद करावे, तोटी मात्र उघडीच ठेवावी. खाली बादली ठेवून थंड पाण्याची नळी सोडवावी. तोटी बंद असेल, तर वरून हवा न मिळाल्याने पाणी अडून राहते. वरच्या टोकावर बोट दाबलेल्या नळीतून सरबत सांडत नाही, तसेच हे. नळी पुन्हा जोडून टाकी भरावी आणि परत सोडावी. गढूळपणा जाईपर्यंत दोनतीनदा असे करावे. नळी जोडताना जुना वायसर बदलणे बरे. कॉइल उघडण्याचे काम मात्र कारागिराचे.

अमेरिकेत मोटारीसारख्या चालणाऱ्या फिरत्या घरांतही पाणी तापविण्याची टाकी असते. थंडीपूर्वी ती न चुकता रिकामी करतात, कारण गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते व टाकी फोडते.

शेवटी पाणी सुरू करून तोटीतील फुरफुर थांबेपर्यंत वाट पाहावी. सलग धार लागली की टाकी भरली. त्यानंतरच कळ दाबावी. बंबाचा नियम येथे जसाच्या तसा लागू आहे.

पाठगत प्रश्न

1. गरम पाण्याची नळी टाकीच्या माथ्यापर्यंत का नेलेली असते?
2. टाकी रिकामी करताना तोटी उघडी ठेवण्याचे कारण आपल्या शब्दांत लिहा.
3. आपल्या घरी किंवा शेजारी पाणी कशावर तापवितात? त्या साधनाची निगा कोण व कशी राखते, ते विचारून दहा ओळी लिहा.