दवाखाने एकत्र झाले. आता आमचे डॉक्टर कोण?

प्रश्न : आम्ही लेस्टरला राहतो. आमच्या जीपींचा (फॅमिली डॉक्टरांचा) दवाखाना दुसऱ्या तीन दवाखान्यांत विलीन होणार, असं पत्र आलंय. आई 78 वर्षांची, तिला मधुमेह आणि रक्तदाब. कित्येक वर्षं ती याच डॉक्टरांकडे जाते. तिचे कागद हरवले तर? उद्या तपासायचे पैसे मागितले तर? झोप उडाली आहे.

उत्तर : पैशांची चिंता आधी सोडा. इंग्लंडमधले बहुतेक जीपी दवाखाने 1948 पासून एनएचएसशी (सरकारी आरोग्यसेवेशी) करार करून काम करणारे स्वतंत्र व्यवसायच आहेत. दवाखाना एका डॉक्टरचा असो वा मोठ्या संस्थेचा, एनएचएसची तपासणी मोफतच राहते. साठी ओलांडल्यामुळे आईंची औषधेही मोफत. नोंदी संगणकावर असतात, त्या नव्या संस्थेकडे जातात. सहसा पुन्हा नाव नोंदवावे लागत नाही. बदलाच्या दिवसांत थोडी ओढाताण होऊ शकते, म्हणून नेहमीच्या गोळ्या आठवडाभर आधी मागवा.

ओळखीचे डॉक्टर दुरावतील ही भीती मात्र रास्त आहे. नॉर्वेतल्या सुमारे 45 लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास 2022 मध्ये छापून आला. पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच जीपी असलेल्यांत मृत्यूची शक्यता, वर्षभराचीच ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के कमी आढळली. डॉक्टर बदलले की जीव धोक्यात, असा याचा अर्थ नाही. पण जुनी ओळख हा उपचाराचाच भाग आहे, असे मी ठामपणे मानतो. 2015 पासून प्रत्येक रुग्णासाठी एक जीपी नावानिशी नेमलेला असतो. आईंसाठी कोण, हे विचारा. जुने डॉक्टर तिथेच राहणार असतील तर त्यांचेच नाव लेखी मागा. संकोच करू नका.

प्रश्न : फोन केला की कधी फार्मासिस्ट, कधी फिजिओ. आम्हाला डॉक्टर द्यायचाच नाही, असं ठरलंय का?

उत्तर : तसे नाही. 2019 पासून शेजारचे दवाखाने 30 ते 50 हजार रुग्णांमागे एक गट करून ही माणसे नेमतात. गोळ्यांचा आढावा किंवा पाठदुखी यांसाठी ती योग्यच आहेत. मात्र नवी गाठ, कारणाविना घटणारे वजन किंवा शौचातून रक्त असेल, तर जीपींनीच तपासावे असे स्पष्ट सांगा. छातीत दाब किंवा अचानक तोंड वाकडे झाल्यास दवाखान्याची वेळ मागत बसू नका. लगेच 999 फिरवा.