आजचा धडा : कोंबडीचे पंख मीठपाण्यात मुरवताना मीठ मोजून, पाणी गार



आखाड लागला की आपल्याकडे कोंबडीला मागणी वाढते. श्रावणात बऱ्याच घरी बंद असतं, त्यामुळे हे चार आठवडे घरगुती जेवण देणाऱ्या ताईंसाठी कमाईचे. अकोल्याकडे भंडारदऱ्याला पावसाळी पाहुणे येतात, संगमनेर आणि सुप्याच्या बाजूला हायवेची गिऱ्हाईकं असतात. हल्ली तरुण पोरं रश्श्याबरोबर भाजलेले किंवा तळलेले पंख, म्हणजे दुकानातले विंग्ज, हमखास मागतात. आणि तक्रार एकच येते : "वरून मसाला झणझणीत, आत मात्र कोरडं आणि अळणी."

त्यावर सोपा उपाय आहे, पंख शिजवण्याआधी मीठपाण्यात मुरवणे. खर्च जवळपास शून्य. पण यात अंदाजपंचे चालत नाही. मेसेज मोठा आहे, सवडीने वाचा, सेव्ह करून ठेवा.

*१) पंखच का?*

आपल्याकडचा चिकनवाला बहुतेक वेळा कोंबडी सोलून देतो. साल गेली की पंखावर चरबीचं पांघरूण राहत नाही. तुकडा लहान, मांस थोडं, आच चारी बाजूंनी लागते. मग ते लगेच वाळतं. रश्श्यात हे झाकलं जातं, तव्यावर किंवा निखाऱ्यावर उघडं पडतं.

पंख स्वस्तातला भाग म्हणून आपण बाजूला टाकतो. अमेरिकेतही तसंच होतं, पंख सुपाला जायचे. तिथल्या बफेलो शहरातल्या अँकर बार या खानावळीत १९६४ साली ते तळून तिखट सॉसमध्ये घोळवून दिले गेले, असं सांगतात. आज त्या शहराच्या नावाने तो पदार्थ जगभर विकला जातो. भाग तोच, फक्त नीट करून दिला.

*२) मीठ तर पाणी काढतं, मग मांस रसाळ कसं राहतं?*

हा प्रश्न गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारला होता आणि तो बरोबरच आहे. कारल्याला मीठ लावलं की पाणी सुटतं. मासा मिठात दाबून ठेवला की तो आटतो. मग इथे उलटं कसं?

सगळा फरक प्रमाणाचा आहे. मीठ खूप असेल, तर ते मांसातलं पाणी बाहेर ओढतं. मीठ बेताचं आणि पाण्यात विरघळलेलं असेल, तर ते हळूहळू मांसात शिरतं. मांस म्हणजे प्रथिनांच्या बारीक धाग्यांची जुडी. मीठ लागलं की हे धागे सैल होतात, फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. नंतर आचेवर धागे आकसतात खरे, पण मीठ लागलेले कमी आकसतात, म्हणून रस आत राहतो. शिवाय चव हाडापर्यंत जाते.

म्हणजे तेच मीठ बेताचं असलं की पाणी धरतं आणि जास्त झालं की पाणी काढतं. म्हणून मूठ नाही, वजनकाटा वापरायचा.

*३) माप*

पंख १ किलो, पिण्याचं पाणी १ लिटर, मीठ ५० ग्रॅम. हवा असेल तर गूळ २० ग्रॅम, त्याने भाजताना रंग चांगला येतो. मात्र गूळ लवकर करपतो, तेव्हा आच मध्यम ठेवा.

५ किलो पंखांना ५ लिटर पाणी आणि २५० ग्रॅम मीठ, याच हिशोबाने पुढे.

घरचं आयोडीनचं बारीक मीठ चालतं. खडे मीठही चालतं, पण वजन करूनच. चमचाभर खडे मीठ आणि चमचाभर बारीक मीठ यांचं वजन सारखं नसतं. काटा नसेलच तर बारीक मिठाचा चहाचा सपाट चमचा साधारण ५ ते ६ ग्रॅम धरा, म्हणजे लिटरला ९ चमचे.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकचं घ्या. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ नको, मिठाने भांडं खातं आणि चव बिघडते.

*४) कृती*

• पंखाची टोकं आधीच कापून बाजूला ठेवा. त्यांचं लेकरांसाठी अळणी पाणी करता येतं. मीठपाण्यातून काढलेल्या तुकड्यांचं अळणी खारट होतं, म्हणून ही टोकं मुरवायची नाहीत.

• अर्धा लिटर कोमट पाण्यात मीठ आणि गूळ पूर्ण विरघळवा. वरून अर्धा लिटर एकदम गार पाणी किंवा अर्धा किलो खाण्याचा बर्फ टाका. पाणी हाताला थंडगार लागल्याशिवाय पंख आत सोडायचे नाहीत.

• पंख पूर्ण बुडले पाहिजेत. वर तरंगत असतील तर स्टीलची ताटली दाबून ठेवा. झाकण लावून फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे कच्चं पाणी दुसऱ्या अन्नावर सांडणार नाही.

• पंखांना २ ते ३ तास पुरे. बिनहाडाच्या छातीच्या तुकड्यांना १ ते दीड तास, हाडासकट तंगडीला ३ ते ४ तास. जास्त वेळ ठेवलं म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं. मांस खारट आणि रबरासारखं होतं.

• बाहेर काढून निथळा आणि स्वच्छ कापडाने किंवा टिश्यूने कोरडे पुसा. ओले पंख तेलात सोडले तर तेल उडतं आणि रंगही धरत नाही.

• उरलेलं मीठपाणी ओतून द्या. रश्श्यात घालायचं नाही, दुसऱ्या खेपेला वापरायचं नाही.

*रात्रभर ठेवायचं असेल तर* मीठ कमी करा : १ किलो पंख, १ लिटर पाण्याला फक्त २५ ग्रॅम. सकाळपर्यंत मीठ सगळीकडे सारखं बसतं, खारट होत नाही.

*सालीसकट पंख कुरकुरीत तळायचे असतील तर* पाणी नकोच. किलोला १० ग्रॅम मीठ चोळा आणि ताटात पसरून ४ ते १२ तास फ्रिजमध्ये ठेवा. साल कोरडी पडते आणि कुरकुरीत होते.

*५) मसाला केव्हा?*

मीठपाण्यात आलं-लसूण, हळद, मिरी टाकलं तरी त्यांची चव वरवरच राहते, आतपर्यंत जातं ते मीठ. तेव्हा महागडा मसाला त्या पाण्यात वाया घालवू नका. पंख पुसून झाल्यावर आलं-लसूण, थोडं दही आणि आपला कांदा-लसूण मसाला लावा. *यात मीठ घालायचं नाही.* विकतच्या मसाल्यात मीठ आधीच असतं, पाकिटावर वाचून घ्या. रस्सा करणार असाल तर मीठ शेवटी, चाखूनच घाला.

लिंबू, व्हिनेगर, कच्ची पपई मीठपाण्यात नको. पंखाचं मांस आधीच कोवळं असतं, त्याचं पीठ होतं.

तव्यावर झाकण ठेवून मध्यम आचेवर साधारण २० ते २५ मिनिटं, मधून उलटत राहा. हाडाजवळ ७४ अंश सेल्सियस तापमान आलं पाहिजे. ऑर्डरी घेणाऱ्यांनी टोचायचा थर्मामीटर घेऊन ठेवावा. तो नसेल तर जाड भागात सांध्याजवळ सुरी खुपसा. रस स्वच्छ आला पाहिजे, आत लालसर राहता कामा नये.

*६) गावरान कोंबडीचं काय?*

खरं सांगायचं तर मीठपाणी म्हणजे जादू नाही. वर्ष-दीड वर्षाची गावरान कोंबडी चिवट असते ती तिच्या सांध्यातल्या आणि स्नायूंतल्या चिवट पडद्यांमुळे. ते मिठाने सुटत नाहीत, मंद आचेवर सावकाश शिजवल्यानेच सुटतात. तिला रस्साच बरा. हा उपाय ब्रॉयलरला आणि कोवळ्या गिरिराज-वनराजला लागू.

पण गावरानच्या बाबतीत एक चूक आपण सगळेच करतो. पाहुणे दारात आले की कोंबडी कापायची आणि तासाभरात चुलीवर चढवायची. कापल्यावर काही वेळाने स्नायू आखडतात आणि ते सैल व्हायला पुढे काही तास जातात. त्याआधी शिजवलं तर मांस ताठ लागतं आणि आपण म्हणतो कोंबडी जून निघाली. साफ करून, भाजून झाल्यावर कोंबडी किमान ४ ते ६ तास फ्रिजमध्ये विसावू द्या, मग शिजवा. ताज्या कापलेल्या ब्रॉयलरलाही हेच लागू. कापून लगेच आणली असेल तर आधी गारव्यात ठेवा किंवा रात्रभराची २५ ग्रॅमची रीत वापरा, म्हणजे मुरणं आणि विसावणं एकदमच होतं.

*७) सगळ्यात महत्त्वाचं : गारवा*

एवढ्या मिठाने जंतू मरत नाहीत. मीठपाणी आहे म्हणजे टिकेल, हा समज काढून टाका. लोणचं टिकतं, कारण त्यात मीठ खूप आणि आंबटपणा असतो. इथे दोन्ही नाही. पूर्ण वेळ ५ अंश किंवा त्याखाली गारवा हवाच.

गेल्या आखाडात आपल्या गटातल्या एका ताईंकडे रविवारची ३० ताटांची ऑर्डर होती. शनिवारी रात्री त्यांनी ४ किलो पंख मुरत घातले. दहाच्या सुमारास लाईट गेली, ती पहाटे सहाला आली. त्यांचा फोन आला, "वास काही नाही, रंगही चांगला आहे, काय करू?" बंद फ्रिज साधारण ४ तास गारवा धरतो, इथे ८ तास झाले होते. पाण्यात बोट घालायला सांगितलं, तर पाणी कोमट. आम्ही म्हटलं, ताई, फेकून द्या. नुकसान झालं, त्यांना वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. पण त्यांनी फेकलं. जवळच्या दुकानातून सकाळी दुसरा माल आणला, मुरवायला वेळ नव्हता म्हणून पंखांऐवजी रस्सा दिला आणि गिऱ्हाईकाला खरं कारण सांगितलं. तेच गिऱ्हाईक पुढच्या रविवारी परत आलं. त्या ३० ताटांतली चार माणसं जरी आजारी पडली असती, तरी त्यांचं स्वयंपाकघर बंद झालं असतं.

लाईटचा भरवसा नसेल तर :

• रात्रभर ठेवू नका. २-३ तासांची रीत दिवसा, डोळ्यासमोर करा.

• मोठ्या घमेल्यात बर्फ भरा, त्यात मीठपाण्याचं झाकलेलं भांडं रोवा, बर्फ वितळेल तसा नवा घाला.

• मीठपाण्यात फक्त पिण्याच्या पाण्याचा बर्फ. कारखान्याचा बर्फ भांड्याच्या बाहेरून वापरा. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर असावा असा नियम २०१८ पासून आहे. निळा बर्फ अन्नात कधीच नाही.

• कच्चं मांस नळाच्या धारेखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर आणि कोशिंबिरीपर्यंत जातात. धुवायचंच तर पातेल्यात, हलक्या हाताने. मग हात, सुरी, पाट साबणाने धुवा.

*८) वजन आणि शब्द*

मुरवलेल्या मांसात पाणी शिरतं, त्यामुळे किलोमागे साधारण ५० ते १०० ग्रॅम वजन वाढतं. कच्चा माल विकणाऱ्या सभासदांनी हे नीट ऐका : *वजन आधी, मुरवणं नंतर.* पाण्याचे पैसे कोंबडीच्या भावाने घेणं ही फसवणूक आहे. मुरवून देत असाल तर पिशवीवर "मीठपाण्यात मुरवलेले" असं लिहा. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्याला ते कळायलाच हवं. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात असं कोणी असेल तर त्यांचे पंख न मुरवता वेगळे करा.

जेवण किंवा माल विकणाऱ्या प्रत्येकाला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. ज्यांची राहिली असेल त्यांनी गटप्रमुखांना सांगा, फॉर्म भरायला मदत करू.

*फ्रिजवर चिकटवायची चिठ्ठी*

१ किलो पंख + १ लिटर पाणी + ५० ग्रॅम मीठ
२ ते ३ तास, पूर्ण वेळ गार
निथळा, पुसा, मसाल्यात मीठ नाही
७४ अंशांपर्यंत शिजवा
मीठपाणी फेका
शंका आली तर मांसही फेका

पहिल्यांदा घरच्यांसाठी अर्धा किलोच करून बघा. निम्मे पंख मुरवलेले, निम्मे साधे, एकाच तव्यावर. कोणते कोणते ते सांगू नका, घरच्यांनाच ओळखू द्या. काय म्हणाले ते ग्रुपवर आवाजी मेसेज करून जरूर कळवा.

आपली कंपनी, आपला माल 🌾