कोण गप्प झालं, ते बघ

अगं, रात्री अकराला फोन वाजला तेव्हा आधी धस्सच झालं. मार्गासनीहून इतक्या उशिरा फोन म्हटला की आईचं काही नाही ना, हेच पहिलं मनात येतं. आणि तू म्हणतेस, "ताई, फाईल सेव्ह होत नाहीये." हसू आलं होतं खरं, पण तुझा आवाज रडवेला होता, म्हणून गिळलं.

आता शांतपणे लिहिते. आपल्याकडे काहीही अडलं की रेंजला शिव्या घालायच्या ही सगळ्या गावाची खोड, तुलाही लागली आहे. पण तूच काय सांगितलंस ते आठव. ऑफिसच्या सर्व्हरवरची फोल्डरं दिसतात, कालच्या फायली उघडतात, दोन ओळींची नोंद केली तर तीही जाते. अडतं ते मोठी फाईल टाकताना. रेंज खराब असती तर सगळंच अडखळलं असतं. निवडून अडणारं दुखणं रेंजचं नसतं गं.

लॅपटॉप मात्र बंद करू नकोस. ती फोल्डरं जोडणारं एनएफएस हार्ड माउंट केलेलं असेल तर सर्व्हर बोलत नाही तोवर तो पुन्हापुन्हा विचारत राहतो आणि तुझं लिखाण मेमरीत तसंच धरून ठेवतो. रीस्टार्ट केलंस की ते गेलं. तुझ्या शेजारचा मुलगा "सॉफ्ट माउंट कर, हँग होणार नाही" म्हणाला ना? ऐकू नकोस. सॉफ्टमध्ये थोडे प्रयत्न झाले की तो एरर देऊन मोकळा होतो. तो एरर प्रोग्रॅमनं नीट बघितला नाही तर अर्धीच फाईल लिहिली जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

पहिल्या नोकरीत मी काय केलं माहितीये? सर्व्हर रीस्टार्ट. थोडा वेळ बरं चाललं, मग परत तेच. तिसऱ्या रात्री आमच्या सिनियर बाईंनी एवढंच विचारलं, "वायरवर काय दिसलं?" मी बघितलंच नव्हतं. दर रीस्टार्टला पुरावा माझ्याच हातानं पुसत होते.

तर वायरवर बघायचं. टीसीपीडंप लाव, सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट २०४९ एवढंच गाळून घे, आणि पाकिटं पूर्ण लांबीची पकड. कॅप्चरची फाईल त्या अडलेल्या माउंटवरच ठेवू नकोस. हसू नकोस, मी ठेवली होती.

मग वायरशार्कमध्ये उघड आणि कोण आधी गप्प झालं ते शोध. रजिस्टर्ड पोस्टाची पोच असते ना, तशी इथे दोन पोचा असतात. एक टीसीपीची: पाकीट मिळालं. दुसरी खुद्द एनएफएसची: लिहून घेतलं. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यातही एक मेख आहे. सर्व्हर "घेतलं" म्हणतो तेव्हा डेटा नुसता त्याच्या मेमरीत असू शकतो. तसं असेल तर डिस्कवर पक्का झाला हे कमिटला उत्तर आल्यावरच समजायचं. पहिली पोच येतेय आणि कमिटचं उत्तर मिनिटभर येत नाही, असं दिसलं तर रस्ता ठीक आहे, सर्व्हरची डिस्क धापा टाकतेय. पोच येते पण तिच्यात विंडो शून्य असते, तेव्हा सर्व्हरचं पोट भरलंय, तो वाढू नका म्हणतोय. ही दोन्ही दुखणी स्टोरेजवाल्यांची.

तुझं मला तिसरं वाटतं. तू आधीच पाठवलेल्या वायरशार्कच्या फोटोत काळ्या पट्ट्यांवर लाल अक्षरं होती. तेच पाकीट पुन्हा, पुन्हा, पुन्हा, आणि दर वेळी मधलं अंतर दुप्पट: ०.२ सेकंद, ०.४, ०.८, १.६. पोच एकाचीही नाही. आणि ही सगळी पाकिटं भरलेली, १४४८ बाइटची. छोटी मात्र सुखरूप पोचताहेत. (सुरुवातीला वीस-तीस हजार बाइटची पाकिटं दिसतील, त्यांना घाबरू नकोस. ती नेटवर्क कार्ड नंतर कापतं, कॅप्चर त्याआधीच होतं. मी त्यावर अख्खी दुपार घालवली होती.)

गुंजवण्याच्या वाटेनं राजगड चढताना चोरदरवाजा लागतो, आठवतो? माणूस वाकून जातो, पाठीवरची मोठी सॅक अडते. कंपनीनं घरी दिलेला तो छोटा राउटर ऑफिसपर्यंत टनेल करतो, आणि टनेलचं वेष्टन चढलं की हेडरांसकट १५०० बाइटचं झालेलं ते पाकीट त्या दारातून मावत नाही. अशा वेळी मधल्या राउटरनं "सॅक लहान करा" असा आयसीएमपी निरोप उलट पाठवायचा असतो. ही पद्धत १९९० पासून ठरलेली आहे. पण कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपीच बंद केलेलं असतं. निरोप्याच्या तोंडात बोळा! मग तुझा लॅपटॉप तीच सॅक पुन्हापुन्हा ढकलत बसतो.

आणि वाचताना का अडत नाही? त्यासाठी माउंट करायच्या आधीच कॅप्चर सुरू करून पहिली तीन पाकिटं बघावी लागतील. दोन्ही बाजू तिथे "मला एवढंच मोठं पाठव" असं सांगतात. सर्व्हरकडे पोचलेल्या तुझ्या निरोपात १३६० असेल आणि तुझ्याकडे आलेल्या त्याच्या निरोपात १४६०, तर समज की राउटरवरचा हा आकडा कमी करण्याचा नियम एकाच दिशेला लावलाय. सर्व्हर लहान पाठवतो, तू मोठं पाठवतेस. म्हणून सर्व्हरवरही त्याच वेळी कॅप्चर घ्यायला सांग. तिथे तुझी मोठी पाकिटं दिसलीच नाहीत तर वाद मिटला.

आज रात्रीपुरतं लॅपटॉपचा एमटीयू, म्हणजे सॅकचं कमाल माप, १४०० कर. अडकलेली फाईल बहुधा जागच्या जागी हलू लागेल. पक्कं करायचं तर तुकडे न करण्याची अट घालून पिंग पाठव. १४७२ गेलं नाही तर कमी करत जा, जातं तो आकडा लिहून ठेव.

सकाळी मेल कर, पण "तुमच्या राउटरची चूक" असं लिहू नकोस. नेटवर्कवाले चिडतात आणि मग आठवडाभर काही हलत नाही. दोन्हीकडचे दोन फोटो, वेळ आणि तो पिंगचा आकडा, एवढंच पाठव. पूर्ण कॅप्चर कुणालाही पाठवू नकोस, ग्रुपवर तर नाहीच. तुमच्याकडे एनएफएस एन्क्रिप्ट केलेलं नाही, हे मी त्या फोटोतच पाहिलं. कॅप्चरच्या फाईलमध्ये पगाराचा अख्खा तक्ता उघडा वाचता येतोय. काम झालं की ती पुसून टाक.