घटकाभराची करमणूक आणि मनाचा हिशेब

“दिवसभर राबून आल्यावर दहा मिनिटे आकड्यांचा खेळ खेळलो, तर काय बिघडले? वीस-तीस रुपयांचाच तर प्रश्न आहे!” असा विचार आपल्याही मनात कधी आला असेल. या प्रश्नाला उपदेशाने गप्प करण्यापेक्षा त्याचे उत्तर शांतपणे शोधू या.

दिसायला सारखे, आतून वेगळे

गणेशोत्सवात सोसायटीच्या अंगणात हाउजी रंगते. १ ते ९० मधले आकडे पुकारले जातात, हशा पिकतो. तिकिटांचे पैसे जमलेच, तर ते बहुधा बक्षिसांच्या रूपाने खेळणाऱ्यांतच वाटले जातात. कॅसिनोतील किंवा मोबाईलवरील ‘कीनो’ वरवर पाहता तसाच वाटतो. १ ते ८० मधले काही आकडे आपण निवडायचे. मग २० आकडे निघतात. जितके जुळतील त्या प्रमाणात पैसे मिळतात. पण येथे शेजारी बसून हसणारे कोणी नसते. येथे खेळ चालवणारा असतो आणि त्याचा नफा नियमांतच बसवलेला असतो.

हिशेब करून पाहू. आपण एकच आकडा निवडला, तर तो येण्याची शक्यता चारात एक. समजा, दहा रुपये लावून आकडा आला तर तीस रुपये हाती मिळतात. असे शंभर डाव खेळल्यास आपले हजार रुपये लागतील, सरासरी पंचवीस वेळा आकडा येईल आणि साडेसातशे परत मिळतील. अडीचशे गेले! दहा आकडे निवडून दहाही जुळण्याची शक्यता तर सुमारे ८९ लाखांत एक आहे. शिवाय मागच्या डावात न आलेला आकडा ‘आता येणारच’ असे नसते. प्रत्येक डाव नवा असतो. चेंडूंना किंवा यंत्राला मागचे काही आठवत नाही. आठवते ते फक्त आपल्या मनाला.

खरे नुकसान कोठे होते?

अडीचशे रुपये पुन्हा कमावता येतील. पण मनावर जो संस्कार उमटतो, त्याचे काय? स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. कळीवर चोच मारल्यावर दाणा कधी मिळे, कधी मिळत नसे. असा अनिश्चित दाणा मिळणारी कबुतरे दाणे बंद झाल्यावरही फार वेळ चोच मारत राहत. सहापैकी पाच आकडे जुळले की “थोडक्यात हुकले” असे आपल्याला वाटते आणि बोट पुन्हा पडद्यावर जाते. तेव्हा खेळतो आहे कोण, आपण की आपली सवय?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचे आहे. न खेळण्याचा निश्चय तो करतो, पण फाशांचा आवाज कानी पडताच त्याचे पाय तिकडे वळतात. घर दुरावते, कर्ज वाढते. शेवटी त्याला उपदेश मिळतो तो फासे सोडून शेती करण्याचा, आहे त्यात समाधान मानण्याचा. हजारो वर्षांत फाशांच्या जागी मोबाईल आला. मनाची ओढ मात्र तीच राहिली. भगवद्गीतेचा दुसरा अध्यायही हाच क्रम सांगतो. विषयाच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध आणि शेवटी विवेकाचा नाश.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा बाहेरचे दार बंद करू शकतो. आतले दार आपणच बंद करायचे असते.

आत्मपरीक्षण

आज रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारा.
१. मी खेळतो हे घरच्यांना ठाऊक आहे का, की मी ते लपवतो?
२. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळलो का?
३. खेळून उठल्यावर मन ताजे असते की चिडचिडे?
४. एक आठवडा खेळलो नाही, तर अस्वस्थ वाटेल का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष करूनच पाहावे. सात दिवस खेळ बंद ठेवा. ओढ वाटली की मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून दहा मिनिटे थांबा, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या. ओढ लाटेसारखी असते. वाढते आणि ओसरतेही. रोज जे पैसे लावले असते, ते एका डब्यात टाका. सातव्या दिवशी डबा घरच्या सर्वांसमोर उघडा आणि त्या पैशांतून एखाद्या गरजू मुलासाठी वह्या घ्या.

सात दिवस निभले नाहीत, तर स्वतःला दोष देत बसू नका. हे मनाचे दुखणे आहे आणि त्यावर उपाय आहे. घरातील एका विश्वासू माणसाला सर्व काही खरे सांगा. कर्ज झाले असेल किंवा मन खचले असेल, तर समुपदेशकाची मदत घ्या. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

करमणूक तीच, जी संपल्यावर मन हलके होते आणि घरी कोणापासून काही लपवावे लागत नाही. या एका कसोटीवर आपली रोजची दहा मिनिटे तपासून पाहू या.